पोलिसांच्या आवारात मदतीचं टेबल

शहाद्याच्या आदिवासी बायकांनी 1970च्या दशकात गावोगावी दारूची मडकी फोडली आणि बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांना भर गावात जाब विचारला. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याच्या कितीतरी आधी. टाटा समाजविज्ञान संस्थेने 1984मध्ये मुंबईत पोलिसांच्या आवारातच महिला व मुलांसाठी विशेष कक्ष उघडला; पुढे राज्य सरकारने हे काम जिल्ह्याजिल्ह्यांत नेलं. तिथे प्रशिक्षित समाजसेविका बसते. ती आधी आलेल्या बाईचं ऐकून घेते, मग नवऱ्याला बोलावते, निवाऱ्याची सोय पाहते. रेशनकार्ड, पोरांचे दाखले, चांदीचे दागिने सासरी अडकले असतील, तर पोलीस सोबत घेऊन परत मिळवते. ‘जुळवून घे’ हा सल्ला म्हणजे मदत नव्हे.

2005च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानुसार संरक्षण अधिकारी न्यायालयाला घटनेचा अहवाल देतो. राहत्या घरातून पीडित बाईला बेकायदा हुसकावता येत नाही. पण धडगावच्या पाड्यावरून घाट उतरायचा म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, आणि कागद मराठीत, दुःख पावरी बोलीत. म्हणून तिची बोली जाणणारी आशाताई, अंगणवाडीताई सोबत हवीच.

महिलांसाठी हेल्पलाइन 181, तातडीला 112. वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. शेजारणीलाही हे सांगा.