उपाशीपोटी साखर १०५ : गोळी लगेच हवी का?

"डॉक्टर, उपाशीपोटी १०५ आली. शुगर झाली का?" इंदापूरच्या ओपीडीत हा प्रश्न वारंवार येतो. उत्तर : नाही. मधुमेह १२६ मिलिग्रॅमपासून पुढे धरतात. तोही लक्षणं नसतील तर एकाच रिपोर्टवर नव्हे. चाचणी पुन्हा करावी लागते.

मग १०५ म्हणजे काय? इथे तज्ज्ञांतच मतभेद आहेत. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने २००३ मध्ये मधुमेहपूर्व अवस्थेची सीमा ११० वरून १०० वर आणली. जागतिक आरोग्य संघटनेने ती ११० वरच ठेवली.

तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी चाचणीही कधी चकवते. लोहाच्या कमतरतेने रक्त कमी असेल, तर आकडा उगाच वाढलेला दिसू शकतो. म्हणून हिमोग्लोबिनही तपासावं.

तरी १०५ कडे काणाडोळा नको. आपल्याकडे दिसायला बारीक माणसाच्याही अंगात चरबी जास्त असू शकते, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने दाखवलं. रोज चाला, गोड आवरा, वर्षाने पुन्हा तपासा.

आणि गोळ्या चालू असताना १०५ आली, तर त्या परस्पर बंद करू नका. साखर आटोक्यात आहे ती त्यांच्यामुळेच.