ई-वाचनयंत्रांची ग्रंथालयीन देवघेव
अंकीय स्वरूपातील ग्रंथ वाचण्यासाठी तयार केलेले सुटसुटीत यंत्र ग्रंथालयाने विद्यार्थ्यास ठराविक मुदतीसाठी घरी देण्याची सेवा. छापील ग्रंथांच्या देवघेवीशी तिचे बाह्य साम्य असले, तरी दोहोंत एक मूलभूत भेद आहे. छापील ग्रंथात कागद व मजकूर अविभाज्य असतात. ग्रंथालय प्रत विकत घेते आणि तीच वाचकास देते. येथे यंत्र ग्रंथालयाच्या मालकीचे, तर त्यातील मजकूर बहुधा केवळ परवान्याने मिळालेला असतो. या सेवेतील बहुतेक प्रश्न या भेदातून उद्भवतात.

यंत्र : ई-वाचनयंत्राच्या पडद्यात इलेक्ट्रॉनिक शाईच्या असंख्य सूक्ष्म कुप्या असतात. प्रत्येक कुपीत परस्परविरुद्ध विद्युत्‌ भारांचे पांढरे व काळे कण असून विद्युत्‌ क्षेत्रानुसार त्यांपैकी एका रंगाचे कण पृष्ठभागी येतात. उमटलेले पान टिकवून ठेवण्यास वीज लागत नाही, केवळ पान बदलताना लागते. त्यामुळे एकदा भारित केलेले यंत्र अनेक दिवस चालते. ग्रंथ एकदा उतरवून घेतल्यावर वाचनासाठी आंतरजालाचीही गरज राहत नाही.

इतिहास : सोनी कंपनीने २००४ मध्ये जपानमध्ये ‘लिब्रिए’ व ॲमेझॉनने नोव्हेंबर २००७ मध्ये अमेरिकेत ‘किंडल’ ही यंत्रे विक्रीस आणली. लवकरच तेथील काही विद्यापीठीय ग्रंथालयांनी ती उसनी देण्यास प्रारंभ केला. २००९ मध्ये प्रिन्स्टन, ॲरिझोना स्टेट इ. विद्यापीठांत निवडक अभ्यासक्रमांसाठी किंडलचा प्रयोग झाला. यंत्रावरील सूचना अंध विद्यार्थ्यास स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत, या कारणास्तव ॲरिझोना स्टेट विद्यापीठाविरुद्ध दावा दाखल झाला व तो २०१० मध्ये तडजोडीने मिटला. त्याआधी जुलै २००९ मध्ये, जॉर्ज ऑर्वेल यांच्या दोन कादंबऱ्या विकणाऱ्या प्रकाशकास त्यांचे हक्क नव्हते असे आढळल्यावर, ॲमेझॉनने त्या ग्राहकांच्या यंत्रांतून परस्पर काढून टाकल्या. विकत घेतलेला ई-ग्रंथ आणि कपाटातील ग्रंथ यांतील अंतर या घटनेने स्पष्ट झाले.

वऱ्हाडातील उपयुक्तता : १ मे १९८३ रोजी स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाच्या (आता संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठ) क्षेत्रात अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा व वाशीम हे जिल्हे येतात. मेळघाटातील धारणी व चिखलदरा तालुक्यांसारख्या डोंगराळ भागांतून आलेल्या विद्यार्थ्यास, सुटीत गावी गेल्यावर, आंतरजालाविना चालणारे यंत्र विशेष सोयीचे ठरते. या सेवेचे एतद्देशीय पूर्वरूप पुस्तकपेढीत सापडते. अनुसूचित जाती व जमातींच्या विद्यार्थ्यांना महागडी पाठ्यपुस्तके संच रूपाने वापरावयास देणाऱ्या शासकीय योजनेत दोघांमध्ये एक संच, अशी व्यवस्था होती. वाचनयंत्र ही एका अर्थी हातात मावणारी पुस्तकपेढीच होय.

मात्र सर्व विषयांस ते सारखे उपयोगी पडत नाही. अकोला येथील डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात (स्थापना १९६९) शिकविल्या जाणाऱ्या विषयांत रंगीत चित्रांना महत्त्व असते. कपाशीवरील गुलाबी बोंडअळी किंवा संत्र्यावरील डिंक्या रोग यांची लक्षणे कृष्णधवल पडद्यावर नीट ओळखता येत नाहीत.

मराठी मजकुराच्या अडचणी : छायाचित्रित पानांचे जुने मराठी ग्रंथ लहान पडद्यावर वाचणे कष्टाचे होते, कारण पान हे चित्र असल्याने अक्षर मोठे केल्यास ओळी पडद्याबाहेर जातात. ‘ईपब’ या प्रकारात ओळी पडद्याच्या रुंदीनुसार नव्याने मांडल्या जातात. परंतु मजकूर युनिकोडमध्ये असावा लागतो. जुन्या मुद्राक्षर-प्रणालींत जुळविलेला मजकूर रूपांतराशिवाय निरर्थक चिन्हांत दिसतो.

विधी व व्यवस्थापन : प्रताधिकार अधिनियम, १९५७ मधील २०१२ च्या दुरुस्तीनुसार अव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयास, मुद्रित प्रत संग्रही असल्यास, तिची इलेक्ट्रॉनिक प्रत जतनासाठी ठेवता येते. जतनाची ही मुभा म्हणजे अनेक यंत्रांवर प्रती वाटण्याची अनुज्ञा नव्हे. लेखकाच्या मृत्यूनंतर सामान्यतः ६० वर्षांनी ग्रंथ प्रताधिकारमुक्त होतो. रिद्धपूर (जि. अमरावती) परिसरात तेराव्या शतकात आकारास आलेल्या महानुभाव गद्यासारखे मूळ साहित्य त्यामुळे मुक्तपणे देता येते, आधुनिक संपादकाची प्रस्तावना व टीपा यांना मात्र स्वतंत्र संरक्षण असू शकते.

प्रत्येक यंत्राची दाखल नोंद, त्यातील ग्रंथांची सूची व परवान्याची मुदत वेगवेगळी ठेवावी लागते. यंत्र परत आल्यावर आधीच्या वाचकाच्या खुणा व टिपणे पुसणे आवश्यक असते, कारण कोण काय वाचतो ही त्याची खाजगी बाब होय. अनामत रकमेचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. यंत्राच्या किमतीएवढी अनामत मागितल्यास ग्रंथालयाचे नुकसान टळते; पण ज्या विद्यार्थ्यास पुस्तक विकत घेणे परवडत नाही, तोच सेवेबाहेर राहतो. म्हणून अल्प अनामत, सत्रभराची मुदत आणि नुकसानीसाठी विद्यापीठाची स्वतंत्र तरतूद ही पद्धत अधिक न्याय्य ठरते.

१ जानेवारी २०२५ पासून अंमलात आलेल्या ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेने शासकीय उच्च शिक्षणसंस्थांना संशोधनपत्रिका उपलब्ध झाल्या. पदवी वर्गांची पाठ्यपुस्तके, विशेषतः मराठीतील, तिच्या कक्षेत येत नाहीत. त्यामुळे यंत्रांच्या खरेदीबरोबरच मराठी पाठ्यग्रंथांचे देवघेवयोग्य परवाने मिळविणे हे विद्यापीठीय ग्रंथालयांचे महत्त्वाचे कार्य ठरते.