टॅपेट वाजते, म्हणजे काय?

कला शाखेच्या वार्षिक अंकात मोटारीच्या इंजिनावर लेख पाहून काहींच्या भुवया उंचावतील. पण आवाज ऐकून त्याचा अर्थ लावणे हे काम जसे गायकाचे व वैद्याचे, तसेच ते मेकॅनिकचेही आहे. ‘टॅपेट वाजतंय’ हे गॅरेजमधले वाक्य आपण सर्वांनी ऐकलेले असते. त्यामागे काय आहे, ते एका प्रसिद्ध इंजिनाच्या आधारे पाहू.

अमेरिकेत १९५५ साली शेव्हरोलेचे २६५ घनइंची ‘स्मॉल ब्लॉक’ व्ही-८ इंजिन आले. शर्यतीच्या हौसेने लोकांनी जितके फेरफार या इंजिनात केले, तितके क्वचितच दुसऱ्या एखाद्या इंजिनात झाले असतील. यात आठ सिलिंडर व सोळा व्हॉल्व्ह, म्हणजे झडपा, असतात. कॅमशाफ्टचा उंचवटा टॅपेटला उचलतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरला आणि रॉकर झडपेला दाबून उघडतो. स्प्रिंग ती पुन्हा मिटवते. या साखळीत कोठेही नको तितकी फट पडली, की टिक्‌टिक्‌ सुरू होते.

पहिला प्रश्न लयीचा. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टची एकच फेरी होते. इंजिन मिनिटाला ८०० फेरे फिरत असेल, तर एक झडप मिनिटाला ४०० वेळा उघडते. म्हणून झडपेचा आवाज हलका, कोरडा व निम्म्या लयीचा असतो. जड, खोल आणि इंजिनावर भार पडताच वाढणारा ठोका आला, तर संशय बेअरिंगवर घ्यावा आणि इंजिन तत्काळ बंद करावे.

दुसरा प्रश्न वेळेचा. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करताच काही क्षण टिक्‌टिक्‌ होऊन थांबली, तर हायड्रॉलिक टॅपेटमधील तेल उतरले होते, एवढाच त्याचा अर्थ. इंजिन तापल्यावर आवाज मावळत असेल, तर एक्झॉस्टच्या गॅस्केटमधून वायू निसटत असण्याचा संभव असतो. हा आवाज टॅपेटसारखाच असल्याने भलेभले फसतात.

तिसरा प्रश्न जागेचा. लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक झाकणावर व मूठ कानाशी धरली, की आवाजाची जागा कळते. सैल बाही व पंख्याचा पट्टा यांची गाठ मात्र पडू देऊ नये. पुढे झाकण काढून, इंजिन मंद चालू ठेवून रॉकर आणि झडपेच्या मध्ये फीलर गेजची पाती सरकवावी. ज्या ठिकाणी आवाज थांबेल, ती झडप दोषी.

फेरफार केलेल्या इंजिनात चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: काय बदलले? हेड घासून पातळ केले, तर जुना पुशरॉड लांब ठरतो. कॅमशाफ्ट घासून नवा आकार दिला, तर तोच आखूड पडतो. रॉकरचे मोठे नट झाकणाला आतून आपटतात. शर्यतीचा कॅम झडप झपाट्याने उघडतो व मिटवतो. तो मुळातच अधिक बोलतो.

आणि येथेच खरी मेख आहे. १९६७ च्या कॅमेरो झेड-२८ मधील ३०२ घनइंची इंजिनात ‘थर्टी-थर्टी’ नावाचा कॅम होता. इनटेक व एक्झॉस्ट या दोन्ही झडपांना ०.०३० इंच, म्हणजे सुमारे पाऊण मिलिमीटर, फट ठेवायची, म्हणून हे नाव. हे इंजिन कारखान्यातूनच टिक्‌टिक्‌ करीत बाहेर पडे. तो त्याचा आजार नव्हता, प्रकृती होती. आवाज नको म्हणून कोणी ती फट बुजवली, तर तापून लांबलेली झडप पुरती मिटत नाही. एक्झॉस्टची झडप आपली बरीचशी उष्णता बैठकीला टेकून सोडते. टेकणेच बंद झाले, तर ती जळते. इंजिन शांत होते आणि मरू लागते.

उलट बाजूही ध्यानी घ्यावी. एकाच झडपेची फट नीट बसवूनही पुन्हा पुन्हा वाढत असेल, तर कॅमचा उंचवटा झिजत आहे असे समजावे. जुन्या सपाट टॅपेटना तेलातील जस्त-फॉस्फरसयुक्त द्रव्याचे संरक्षण लागते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बिघडू नये म्हणून पुढील काळातील तेलांत ते कमी करण्यात आले. अशा वेळी जाड तेल ओतून आवाज दाबणे म्हणजे झिजलेल्या लोखंडाची भुकटी बेअरिंगपर्यंत बिनबोभाट पोहोचू देणे होय.

ताप उतरला म्हणजे रोग बरा झाला असे नव्हे, हे आपण जाणतो. इंजिनाचेही तसेच आहे. आवाज ही तक्रार आहे, की केवळ स्वभाव, हे आधी ठरवावे. पाना त्यानंतर हाती घ्यावा.