जावातल्या गावाची राखण

जावा बेटावरच्या खेड्यात घरादाराची सुरक्षितता कुलपापेक्षा शेजाऱ्यांवर अधिक टिकून आहे. घरटी एक पुरुष पाळीपाळीने रात्रीची गस्त घालतो. तिला ‘रोंडा’ म्हणतात. चौकीत ‘केंतोंगान’ टांगलेला असतो, म्हणजे आतून पोकळ, उभी चीर पाडलेला लाकडाचा किंवा बांबूचा ठोकळा. चोरी, आग, पूर यांचे ठोके वेगवेगळे, त्यामुळे अंथरुणातल्या माणसालाही काय घडलंय ते कळतं. कित्येक गावांत दाराबाहेर टांगलेल्या लहानशा डब्यात रोज मूठभर तांदूळ ठेवतात. गस्तवाले तो गोळा करतात, त्यातून गावाचा निधी उभा राहतो. तांदळासाठी प्रत्येक दारापुढे जावंच लागतं, ही या पद्धतीची मला सर्वांत मोलाची वाटणारी खुबी आहे.

ही राखण की पाळत, असा आक्षेप घेतला जातो आणि तो खोटा नाही. शेजारगटांची ही बांधणी जपानी अंमलात (1942-45) रुजली, पुढे इंडोनेशियाचे राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांच्या राजवटीने ती आणखी आवळली. मुक्कामी पाहुण्याची वर्दी 24 तासांत द्या, असे फलक आजही दिसतात. पकडलेल्या चोराला जमावाने जिवे मारल्याच्या घटनाही घडतात. त्याचं समर्थन होऊच शकत नाही, तिथे पोलीसच हवेत. पण म्हणून शेजार मोडीत काढता येत नाही. जमिनीचंच पाहा: 1960 च्या जमीन कायद्यानंतरही असंख्य शेतं जुन्या करपावत्यांवरच राहिली. 2017 पासून सरसकट नोंदणीची मोहीम चालली, तरी मोजणीच्या वेळी बांधाची हद्द कबूल करायला लागतो तो शेजारीच.