भाताच्या खाचरातून गुडघ्यात

रक्तात शिरलेल्या जीवाणूला सांध्यात उतरायला फारसे कष्ट पडत नाहीत. सांध्याच्या आतल्या अस्तरात रक्तवाहिन्या भरपूर. पण इतर अस्तरांखाली असतो तसा आधारपडदा इथे नसतो. कूर्चेला तर स्वतःचा रक्तपुरवठाच नाही. पू साठला की ती काही दिवसांतच विरघळू लागते आणि पुन्हा नीट भरून येत नाही. धडधाकट शरीर जीवाणूला बहुधा वाटेतच गाठतं. मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, दारू किंवा दीर्घकाळची स्टेरॉइड्स यांनी प्रतिकारशक्ती खचली, की एरवी नावही न ऐकलेले जंतू सांधा पोखरतात.

त्यांतला एक म्हणजे बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलिआय. रंगूनमध्ये १९११ च्या सुमारास आल्फ्रेड व्हिटमोर आणि सी. एस. कृष्णस्वामी यांना तो शवविच्छेदनात सापडला. मृतांत मॉर्फिनचे व्यसनी बरेच होते. त्याच्यामुळे होणारा आजार मेलिऑइडोसिस. ओली माती आणि साचलेलं पाणी हे या जंतूचं घर. ईशान्य थायलंड आणि उत्तर ऑस्ट्रेलिया इथे तो चांगलाच ओळखीचा आहे. भारतातला पहिला रुग्ण १९९१ मध्ये मुंबईतून नोंदला गेला, आणि पुढे कर्नाटकच्या किनारपट्टीवरही बरेच सापडले. पावसाळ्यात अनवाणी चिखलात उतरलेल्या पायाची एखादी भेग त्याला पुरते. मधुमेह हा सर्वांत मोठा धोका, आणि मधुमेह तर आपल्याकडे घरोघरी. मग हा आजार खरंच विरळा आहे, की तो ओळखूच येत नाही? मला दुसरी शक्यता अधिक वाटते.

कारण ताप आणि टम्म सुजलेला गुडघा पाहून आधी संधिवात आठवतो, नाहीतर क्षय. सुईने काढलेला पू प्रयोगशाळेत वाढवला, तर काही दिवसांनी प्लेटवर उन्हात वाळलेल्या पापडासारख्या सुरकुतलेल्या वसाहती दिसतात. त्यांना मातीचा वास येतो म्हणतात, पण प्लेट हुंगणं धोक्याचं, श्वासातूनही लागण होते. अनेकदा ‘स्यूडोमोनास’ असा शेरा मारून अहवाल पुढे जातो. खरी खूण वेगळी आहे: हा जंतू जेंटामायसिन आणि कोलिस्टिनला सहसा दाद देत नाही, पण को-अमॉक्सिक्लॅव्हला बहुधा नमतो.

उपचार लांबलचक. शस्त्रक्रियेने सांधा धुवायचा, सेफ्टाझिडीम किंवा मेरोपेनेम शिरेतून साधारण चार आठवडे द्यायचं, नंतर किमान तीन महिने को-ट्रायमॉक्साझोलच्या गोळ्या. सूज उतरली की नेमक्या याच गोळ्या सुटतात, आणि आजार उलटतो.