‘पाहिजेत’च्या पलीकडे

वृत्तपत्रातील छोट्या जाहिरातींच्या पानावर ‘पाहिजेत’ या शब्दाने सुरू होणारा मजकूर मराठी वाचकांच्या चांगल्याच परिचयाचा आहे. पद, पात्रता, वेतन आणि अर्जाची अंतिम तारीख एवढे तपशील छापले, की अर्जांचा ढीग पडतो, असा मालक मंडळींचा जुना अनुभव. एका जागेसाठी शंभर उमेदवार उभे असतात, तेथे तो आजही खरा आहे. मात्र जागा पुष्कळ आणि येणारे मोजके, अशा ठिकाणी काय करायचे? या प्रश्नातूनच जाहिरात व्यवसायाची एक स्वतंत्र शाखा उभी राहिली. तिला ‘एम्प्लॉयर ब्रँडिंग’ म्हणतात. या कामाचे ग्राहक प्रामुख्याने मुंबई, पुणे, बंगळुरूच्या कंपन्या असले, तरी ज्या प्रश्नावर ते आधारलेले आहे, तो नंदुरबार जिल्ह्याच्या दुर्गम भागात अधिक तीव्रतेने जाणवतो.

ही संकल्पना १९९६ मध्ये टिम अँब्लर आणि सायमन बॅरो यांनी एका शोधनिबंधात मांडली. अँब्लर हे लंडन बिझनेस स्कूलमधील अभ्यासक, तर बॅरो हे जाहिरात क्षेत्रातून आलेले सल्लागार. साबण किंवा चहाच्या नावाभोवती ग्राहकाच्या मनात जशी प्रतिमा तयार होते, तशीच ती नोकरी देणाऱ्या संस्थेभोवतीही तयार होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. नोकरीतून मिळणारे काम, पैसा आणि मानसिक समाधान या तिन्हींची गोळाबेरीज म्हणजे ही प्रतिमा. पुढच्याच वर्षी ‘मॅकिन्झी’ या सल्लागार संस्थेने गुणवंतांसाठी कंपन्यांत चालणाऱ्या चढाओढीला ‘वॉर फॉर टॅलेंट’ असे नाव दिले आणि या विषयाला बाजारपेठ मिळाली. भारतात ‘नौकरी डॉट कॉम’ हे संकेतस्थळही १९९७ मध्येच सुरू झाले.

या क्षेत्रातील एजन्सी नेमके काय करते? घोषवाक्य आणि चित्रफीत हा तिच्या कामाचा केवळ दिसणारा भाग आहे. त्याआधी ती संस्थेतील कर्मचाऱ्यांशी बोलते. सोडून गेलेल्यांशी आणि निवड होऊनही रुजू न झालेल्यांशी बोलते. लोक का येतात, का राहतात आणि का जातात, याची उत्तरे गोळा करून त्यातून संस्थेने द्यावयाचे एक वचन तयार केले जाते. त्याला या व्यवसायात ‘एम्प्लॉयी व्हॅल्यू प्रपोझिशन’ म्हणतात. हे वचन मग जाहिरात, संकेतस्थळ आणि महाविद्यालयांतील भेटी यांतून पोहोचवले जाते. यश मोजताना केवळ अर्जांची संख्या पाहून भागत नाही. किती जण रुजू झाले आणि वर्षभरात किती जण सोडून गेले, हेही पाहावे लागते.

वचन पोकळ असेल तर मात्र सारा खर्च वाया जातो. ‘ग्लासडोअर’, ‘अँबिशनबॉक्स’ यांसारख्या संकेतस्थळांवर कर्मचारी आपल्या संस्थेबद्दल मोकळेपणाने लिहीत असल्याने ते फार काळ झाकूनही राहत नाही. उलट, आचरण चोख असेल तर एजन्सीवाचूनही नाव होते. जमशेदपूरच्या टाटांच्या पोलाद कारखान्यात १९१२ मध्ये आठ तासांचा दिवस लागू झाला. ‘ब्रँडिंग’ हा शब्द तेव्हा कोणाच्या गावीही नव्हता.

नंदुरबारकडे या नजरेने पाहिले, तर एक विसंगती समोर येते. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झालेल्या या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे साडेसोळा लाख लोकसंख्येपैकी ६९ टक्के आदिवासी आहेत आणि साक्षरता राज्यात सर्वांत कमी, सुमारे ६४ टक्के आहे. येथून माणसे कामाला बाहेर नेण्यात अडचण येत नाही. दरवर्षी पावसाळा सरला, की गुजरातमधील आणि पश्चिम महाराष्ट्रातील ऊसतोडीसाठी मुकादम पाड्यांवर येतो, हातावर उचल ठेवतो आणि कुटुंबेच्या कुटुंबे निघतात. तेथे आकर्षण नोकरीचे नसते. घरातील अडचण उचलीला होकार देते. याउलट सातपुड्यात डॉक्टर आणायचा म्हटले, की जाहिरातीमागून जाहिरात निघते आणि धडगाव, अक्कलकुव्याच्या डोंगराळ भागातील जागा पुन्हा रिक्त राहतात. त्याची किंमत मोजावी लागते ती बांबूच्या झोळीतून रस्त्यापर्यंत आणल्या जाणाऱ्या गरोदर मातेला.

शासनाने उपाय केले नाहीत असे नाही. वैद्यकीय पदवीधरांना सेवेचे बंधपत्र आहे. राष्ट्रीय आरोग्य अभियानात विशेषज्ञांसाठी ‘तुम्ही आकडा सांगा, आम्ही देऊ’ अशा धर्तीवर वेतन ठरवण्याची मुभा राज्यांना मिळाली. दुर्गम भागात सेवा केलेल्या डॉक्टरांना पदव्युत्तर प्रवेशात लाभ देण्याचे धोरण आले आणि सेवेतील डॉक्टरांसाठी राखीव जागा ठेवण्याचा राज्यांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये मान्य केला. मात्र बंधपत्र ही सक्ती आहे, तर वाढीव वेतन ही किंमत. मुदत संपली किंवा दुसरीकडे अधिक आकडा मिळाला, की माणूस निघतो. राहण्याचे कारण या दोहोंतूनही मिळत नाही.

एखाद्या एजन्सीने हे काम अंगावर घेतले, तर तिला आधी सोडून गेलेल्या डॉक्टरांकडे जावे लागेल. निवासस्थान राहण्याजोगे होते का, मानधन वेळेवर मिळत होते का, रजेच्या काळात बदली डॉक्टर येत होता का, जोडीदाराच्या नोकरीचे आणि मुलांच्या शाळेचे काय झाले, भिली किंवा पावरी बोलणारा रुग्ण समोर आल्यावर मदतीला कोणी होते का, असे साधे प्रश्न तिला विचारावे लागतील. यांतील बहुतेकांचे उत्तर जाहिरातीत नसून प्रशासनाच्या हातात आहे. ती दुरुस्ती झाल्यावरच जाहिरातीला सांगण्यासारखे काही उरते.

आणि ते सांगताना अडचण लपवण्याचे कारण नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जॉन वॅनस यांनी १९७३ मध्ये टेलिफोन ऑपरेटरच्या उमेदवारांवर केलेला प्रयोग या दृष्टीने बोलका आहे. कामाची कंटाळवाणी बाजूही दाखवणारी चित्रफीत पाहिलेल्या उमेदवारांनी नोकरी नाकारली नाही. उलट रुजू झाल्यावर ती सोडण्याचा विचार त्यांच्या मनात कमी आला. तोरणमाळचा निसर्ग दाखवून बोलावलेला डॉक्टर पहिल्या पावसाळ्यात परत जाईल. घाट, तुटणारा संपर्क आणि पाड्यापर्यंतची पायपीट आधीच ठाऊक असलेला टिकण्याची शक्यता अधिक.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये दुर्गम भागातील मनुष्यबळाबाबत मार्गदर्शक सूचना दिल्या. ग्रामीण पार्श्वभूमीच्या विद्यार्थ्यांना वैद्यकीय शिक्षणात घ्यावे आणि शिक्षणसंस्था मोठ्या शहरांबाहेर असाव्यात, हे त्यांतील ठळक मुद्दे. नंदुरबारमध्ये २०२० मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, त्याचे महत्त्व येथे आहे. करोनाच्या काळात ऑक्सिजन निर्मितीची तजवीज वेळीच करून जिल्ह्याचे नाव देशभर पोहोचवणारे तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड हे शेजारच्या साक्री तालुक्यातील आदिवासी कुटुंबातून आलेले डॉक्टर होते. अशी उदाहरणे हीच या जिल्ह्याची खरी जाहिरात.

नोकरीच्या ठिकाणाबद्दलचे मत अखेर तेथे काम करणाराच पसरवतो. धडगावला दोन वर्षे काढलेल्या डॉक्टरला धाकट्या मित्राने ‘जाऊ का?’ असे विचारले, तर तो काय उत्तर देतो, यावर पुढची जागा भरणार की नाही हे ठरते. ते उत्तर बदलायचे, तर सुरुवात निवासस्थान, वेळेवर मानधन आणि हक्काची रजा यांपासूनच करावी लागेल.