इंजिनात हवा किती भरावी?

साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला, की रेणापूरच्या रस्त्यांवरून उसाने भरलेले ट्रक रात्रंदिवस जाताना तुम्ही पाहिले असतील. भरलेला ट्रक चढावर नेट लावू लागला, की इंजिनाच्या घरघरीत पुष्कळदा एक बारीक शिट्टी मिसळते. ही शिट्टी टर्बोचार्जरची. आजकाल ट्रकप्रमाणेच जीपगाड्या व मोटारगाड्यांतही तो असतो. त्याचे काम एकच, इंजिनात जास्त हवा कोंबणे. पण जास्त म्हणजे किती?

इंजिनाची भूक

१ किलो पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. एवढी हवा जवळजवळ १२ घनमीटर जागा व्यापते. म्हणजे ३ मीटर लांब, २ मीटर रुंद व २ मीटर उंच अशी खोलीभर हवा! यावरून ध्यानात येईल, की इंजिनात इंधन वाढविणे सोपे, अवघड असते ते हवा पुरविणे.

स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युची या अभियंत्याने यावर तोड काढली व १९०५ साली तिचे पेटंट घेतले. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंत बरीच ऊर्जा वाया जाते. त्या वायूंनी एक चक्र फिरवायचे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून सिलिंडरात पाठवायची. लहान गाडीतील हा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो. वातावरणाच्या दाबावर जी भर पडते, तिला 'बूस्ट' म्हणतात. वातावरणाचा दाब सुमारे १ बार, त्यात ०.५ बार बूस्ट मिळविला, की एकूण दाब १.५ बार होतो.

दाब दुप्पट, हवाही दुप्पट?

तुम्ही म्हणाल, दाब दुप्पट केला की हवाही दुप्पट मावेल. येथेच गंमत आहे. हवा झटकन दाबली की तापते, आणि तापलेली हवा विरळ होते. उन्हाळ्यातील ४० अंश सेल्सियसची हवा घेऊन हिशेब करू. दाबणारे चक्र ७० टक्के कार्यक्षम आहे असे मानू.

एकूण दाब १.५ बार केला, तर हवा सुमारे ९५ अंशांपर्यंत तापते आणि तिची घनता १.५ पट न होता १.२८ पटच होते. दाब २ बार केला, तर तापमान सुमारे १३८ अंश आणि घनता अवघी १.५२ पट! म्हणून टर्बो व इंजिन यांच्यामध्ये 'इंटरकूलर' नावाची थंड करणारी जाळी बसवितात. तिने ही हवा ६० अंशांपर्यंत निवविली, तर घनता अनुक्रमे १.४१ व १.८८ पट होते. बूस्ट जितका जास्त, तितका इंटरकूलरचा उपयोग मोठा, हे या आकड्यांवरून दिसते.

एक इंजिन, दोन जुळण्या

पुण्याजवळच्या चाकण येथे महिंद्र कंपनी मोटारगाड्या तयार करते. तिने २०२२ साली बाजारात आणलेली स्कॉर्पिओ-एन ही गाडी पाहा. तिचे २.२ लिटरचे डिझेल इंजिन दोन ताकदींत आले. एक १३२ अश्वशक्तीचे, दुसरे १७५ अश्वशक्तीचे. हाताने गिअर बदलण्याच्या गाडीत पहिल्याचे पिळबल, म्हणजे टॉर्क, ३०० न्यूटन-मीटर, तर दुसऱ्याचे ३७०. सिलिंडरांचे आकारमान तेच. पण दुसरे इंजिन प्रत्येक फेऱ्यात सुमारे २३ टक्के जास्त काम करते. त्यासाठी जास्त इंधन जाळावे लागते आणि ते धूर न होता जळावे म्हणून हवाही जास्त लागते.

अशी जुळणी करताना केवळ दाब वाढवून भागत नाही. कोणत्या वेगाला व किती भाराला किती बूस्ट, किती इंधन आणि ते कोणत्या क्षणी, याचे कोष्टकच इंजिनाच्या संगणकात भरलेले असते. दाब हद्दीबाहेर जाऊ लागला, की तप्त वायूंचा काही भाग झडपेतून परस्पर वळवितात किंवा चक्राभोवतीच्या पात्यांचा कोन बदलतात.

मर्यादा कशाची?

पेट्रोल इंजिनात बूस्ट फार वाढविला, तर ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपोआप भडकते व ठकठक आवाज येतो. असे वारंवार घडले, की दट्ट्याला भोक पडू शकते. म्हणून जास्त बूस्टला ठिणगी थोडी उशिरा टाकतात. ठकठक टिपणारा संवेदकही बसवितात.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. तेथे मर्यादा असते दाबाची व उष्णतेची. ८.५ सेंटीमीटर व्यासाचा दट्ट्या घ्या. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ५७ चौरस सेंटीमीटर. ज्वलनाच्या वेळी दाब १५० बार झाला, तर दट्ट्यावर सुमारे साडेआठ टन वजनाइतके बल पडते. दाब २० टक्के वाढविला, की तेच दहा टनांवर जाते, तेही मिनिटाला हजारो वेळा!

'संगणकात थोडा बदल करून गाडीची ताकद वाढवून देतो' असे सांगणारे हल्ली गावोगावी भेटतात. ताकद खरोखर वाढतेही. पण ती येते ती कारखान्याने उन्हाळा, चढ, जड ओझे व हलके इंधन यांसाठी राखलेल्या सुरक्षिततेच्या वाट्यातून. शिवाय धुराची तपासणी ज्या जुळणीवर झालेली असते, ती जुळणीच उरत नाही. घरची गाडी अशा माणसाच्या हाती देण्यापूर्वी वडीलधाऱ्यांना हा दहा टनांचा हिशेब जरूर दाखवा.

कमी दाबातही कौशल्याने काय साधते, याचा दाखला फॉर्म्युला वन शर्यतींत मिळतो. टर्बो इंजिनांना १९८७ साली एकूण ४ बार दाबाची मर्यादा होती. १९८८ साली ती २.५ बार झाली. होंडाच्या अभियंत्यांनी नव्या दाबासाठी १.५ लिटरच्या इंजिनाची जुळणी नव्याने केली. त्या वर्षी मॅक्लॅरेन-होंडा गाड्यांनी १६ पैकी १५ शर्यती जिंकल्या!

करून पाहा

सायकलचा पंप घ्या. हवेचे तोंड मोकळे ठेवून वीस वेळा पंप मारा व त्याच्या तळाला हात लावून पाहा. मग पंप निवू द्या. आता तोंड अंगठ्याने घट्ट दाबून तितक्याच वेगाने वीस वेळा मारा. दुसऱ्या वेळी तळ जास्त गरम लागेल. घर्षणाची उष्णता दोन्ही वेळा आहे. वाढलेली उष्णता मुख्यतः हवा दाबल्याची.

आता एक गणित. दाब तोच राहिला, तर २७ अंशांच्या हवेपेक्षा ४२ अंशांची हवा किती टक्के विरळ असेल? तापमान केल्व्हिनमध्ये घेण्यास विसरू नका. उत्तर सुमारे ५ टक्के आले, तर तुमची रीत बरोबर आहे. आता लातूरचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच असल्याने येथे हवेचा दाब मुंबईपेक्षा सुमारे ७ टक्के कमी असतो, हेही हिशेबात घ्या. मेच्या दुपारी येथे चालणारे टर्बो नसलेले इंजिन मुंबईच्या २७ अंशांच्या सकाळच्या मानाने किती हवेला मुकते, ते काढून आपल्या शिक्षकांना दाखवा.